लेकराच्या काळजाला भोक, आईला बोल

आपल्या चळवळीने भुकेवर लिहिले, जमिनीवर लिहिले, पाणवठ्यावर आणि शिष्यवृत्तीवर लिहिले. परंतु हृदयात दोष घेऊन जन्मलेल्या लेकराच्या आईवर आपण लिहीत नाही. तो दवाखान्याचा विषय आहे, किंवा त्या घराचे खाजगी दुःख आहे, असे आपण गृहीत धरतो. ही समजूत मला मान्य नाही. त्या आईला जे सोसावे लागते त्यातला रोगाचा वाटा निसर्गाचा असेल. उरलेला वाटा घराने, शेजाराने आणि व्यवस्थेने तिच्यावर लादलेला असतो, आणि जे माणसांनी लादले ते माणसांना उतरवता येते. तिला मानसिक आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे. 'धीर धर बाई' एवढे म्हणून चहा पिऊन परतणाऱ्याला आपण आधार देणारा म्हणतो. तो आधार नव्हे.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक अशी बालके जन्मतात असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतो. हाच हिशेब आपल्या जाफराबादच्या बाजूला लावून पाहा. लाखभर वस्तीत वर्षाला दीडेक हजार बाळंतपणे धरली, तर बारा-तेरा लेकरे अशी निघतात आणि त्यांतली दोन-तीन गंभीर. म्हणजे टेंभुर्णी असो की माहोरा, अशी आई आपल्या ओळखीच्या टापूत असतेच. ती आपल्याला दिसत नाही, कारण कालपरवापर्यंत ही लेकरे निदान न होताच जात असत. 'न्यूमोनियानं गेलं', 'बाळसंच धरलं नाही', 'नजर लागली' अशा नावांखाली आपण किती हृदयदोष पुरले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

निदान होते ते टू-डी इको नावाच्या तपासणीत. छातीवर यंत्राची मूठ फिरवून पडद्यावर हृदय पाहतात. सुई नाही, दुखणे नाही. दवाखान्यातला 'हृदयदोष' घरी येईपर्यंत 'हार्टला होल' होतो आणि गल्लीत पोचेपर्यंत 'काळजाला भोक'. मी मराठी शिकवते, म्हणून या शब्दापाशी थोडी थांबते. आपल्या बोलीत काळीज हा नुसता अवयव नाही. माया काळजात, भीती काळजात, हिंमतही काळजातच. लेकरू म्हणजे काळजाचा तुकडा. तेव्हा लेकराच्या काळजाला भोक आहे असे ऐकले की त्या बाईला ते शरीराचे वर्णन वाटत नाही; तो आपल्या मायेवरचा शेरा वाटतो. एका मायने मला विचारले होते, "मॅडम, त्या भोकातून रगत छातीत सांडत असंल का हो?" लेकरू आडवे केले तर रक्त सांडेल या भीतीने ती कित्येक रात्री भिंतीला टेकून, त्याला उभे धरून बसल्याबसल्या झोपत होती. मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरने तपासले होते, कागद दिला होता; परंतु भोक कुठे आहे, हे दोन वाक्यांत तिला कोणीही सांगितले नव्हते.

ती दोन वाक्ये अशी. हृदयात चार कप्पे असतात, आणि बहुतेक वेळा भोक असते ते दोन कप्प्यांमधल्या आतल्या भिंतीला. घरातल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पडले तर पाणी अंगणात येत नाही, या खोलीतून त्या खोलीत जाते. तसेच रक्त बाहेर सांडत नाही, डाव्या बाजूचे रक्त पुन्हा उजव्या बाजूला येऊन फुप्फुसांकडे जास्तीचे ढकलले जाते. त्यामुळे लेकराला धाप लागते, कपाळाला घाम येतो, दूध पिताना ते दमते. लहान भोके पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठ्या भोकाला शस्त्रक्रियेने ठिगळ लावतात, आणि काही प्रकारांत तर छाती न उघडता मांडीच्या शिरेतून झाकण नेऊन बसवतात. एवढे ज्ञान त्या मायच्या पदरात वेळेवर पडले असते तर तिची झोप तरी वाचली असती. मानसिक आधाराची पहिली पायरी गोड शब्द नव्हे, खरी माहिती आहे, असे मी म्हणते ते यासाठी.

दुसऱ्या जातीचे दोष असतात ते निळ्या लेकरांचे. त्यांत अशुद्ध रक्त फुप्फुसांत पुरेसे न जाता शरीरात मिसळते आणि ओठ, नखे निळसर पडतात. आपल्या लेकरांची कातडी सावळी. तिच्यावर निळेपणा चटकन दिसत नाही. म्हणून जीभ आणि हिरड्या पाहाव्यात. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजण्याचे जे यंत्र आहे तेही गडद कातडीवर कधीकधी आकडा थोडा जास्त दाखवते, हे आता सिद्ध झाले आहे. यंत्रसुद्धा गोऱ्या कातडीच्या मापाने घडले, हे आपल्या वाचकांना नवल वाटणार नाही.

निळ्या लेकरांवरच्या पहिल्या शस्त्रक्रियेचा इतिहास तर आपण आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलाच पाहिजे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सव्वा वर्षाच्या एका मुलीवर ती झाली. शस्त्रक्रिया केली आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी. कल्पना सुचवली होती बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांनी. परंतु ती शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कुत्र्यांवर करून करून सिद्ध केली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने. हा गुलामाचा नातू. डॉक्टर व्हायचे स्वप्न होते. महामंदीत शिक्षणासाठी साठवलेले पैसे बँकेबरोबर बुडाले. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो ब्लॅलॉकच्या मागे एका स्टुलावर उभा राहून टाका कुठे आणि कसा, हे सांगत होता. शस्त्रक्रियेला नाव पडले ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचे. थॉमसला त्याच संस्थेने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली. ती मुलगी काही महिने जगली, पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर गेली. पण तिच्यामुळे हजारो लेकरांना वाट मिळाली. आपल्या वस्तीतली बाई 'हे मोठ्या लोकांचं शास्त्र' म्हणून मागे सरते तेव्हा तिला हे सांगावे, की या शास्त्राच्या पायातले हात आपल्यासारख्याच माणसाचे आहेत.

आता मुख्य घावाकडे येते. निदान झाले की दुसऱ्याच दिवशी घरात खटला उभा राहतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात असते बाळंतीण. ग्रहणात काय चिरलंस? कुणाच्या वटीतलं खाल्लंस? पायगुणच असा! आणि शेवटचा, सगळ्यांत धारदार प्रश्न: मागच्या जन्मी कुणाचं लेकरू आईपासून तोडलं होतंस?

शास्त्र काय सांगते? गर्भातले हृदय तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडते. त्या काळात पुष्कळ बायांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. बहुसंख्य लेकरांत दोषाचे एकच एक कारण सापडत नाही. काही थोड्यांत सापडते: गरोदरपणाच्या आरंभी झालेला रुबेला हा गोवरासारखा आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधे, रंगसूत्रांतला बिघाड. ग्रहणाचा, विळीचा, पायगुणाचा यात संबंध नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नांत हे प्रमाण वाढते असे काही अभ्यास सांगतात, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क अजून सांगितला जातो. पण ते लग्न तरी तिने ठरवले होते काय? बैठकीत ती नव्हती. सुपारी फोडणारे वेगळे, आणि बोल मात्र तिला.

मागच्या जन्माच्या प्रश्नाला तर आपण वेगळे उत्तर द्यायला बांधलेले आहोत. पूर्वजन्मीच्या पापामुळे तुम्ही अस्पृश्य जन्मला, हे आपल्या बापजाद्यांना हजार वर्षे सांगितले गेले. तो सिद्धान्त आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला टाकून दिला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तो तर्काने खोडून काढला. आणि तोच सिद्धान्त आज आपल्याच घरात, निळी-पिवळी रांगोळी घातलेल्या दारातून, बाळंतिणीच्या खाटेपाशी येऊन बसतो. जो युक्तिवाद आपल्या जातीला लावला तर आपण पेटून उठतो, तो सुनेला लावला तर आपल्याला चालतो. ही विसंगती व्यासपीठावरून सांगण्याची गोष्ट नाही. ज्या घरात असे लेकरू आहे त्या घरात, सासूसमोर, मोठ्या दिरासमोर, आवाज न चढवता पण स्पष्ट सांगण्याची आहे. 'यात सुनबाईचा काही दोष नाही' हे वाक्य घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून एकदा सर्वांदेखत निघाले, की त्या बाईच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो मी पाहिला आहे. शंभर उपदेशांनी तो पडत नाही.

यानंतर येते वजन. गंभीर हृदयदोष असलेल्या लेकराच्या आईचे सगळे आयुष्य वजनकाट्यावर येऊन ठेपते, हे बाहेरच्याला कळत नाही. पुष्कळ प्रकारांत डॉक्टर सांगतात, 'थोडे वजन वाढू द्या, मग शस्त्रक्रिया करू.' वैद्यकाच्या दृष्टीने हे एक साधे नियोजन आहे. आईच्या कानाला ते असे ऐकू येते: लेकराचा जीव आता तुझ्या दुधावर आहे. ती पाजायला बसते. लेकरू चार घोट घेते, दमते, घामाघूम होते, सोडून देते, पुन्हा रडते. अर्धा-पाऊण तास हेच. सासू म्हणते, दूध पातळ आहे. जाऊ म्हणते, वरचं सुरू कर. अंगणवाडीत काट्यावर ठेवले की लेकरू तीव्र कुपोषितांच्या यादीत जाते आणि पोषणावरचे भाषण पुन्हा तिलाच ऐकावे लागते. महिन्याला दोनशे ग्रॅम वाढले तर ती पास, न वाढले तर नापास. आम्ही पहिल्या पिढीत शिकलेली माणसे. नापास या शब्दाचा काटा कुठे टोचतो ते आम्हांला चांगले ठाऊक आहे.

वस्तुतः या लेकराचे हृदय आणि फुप्फुसे सतत धावत असतात. इतर लेकरांच्या मानाने त्याची शक्ती जास्त खर्च होते, आणि दमल्यामुळे पोटात मात्र कमी जाते. दूध पातळ नाही, आई आळशी नाही. उपाय आहेत ते साधे: एका वेळी थोडे आणि थोड्याथोड्या वेळाने पाजणे, डोके उंच ठेवून पाजणे, लेकरू फारच दमत असेल तर दूध पिळून स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देणे, आणि दुधात आणखी काही मिसळायचे असेल तर ते डॉक्टरला विचारूनच. परंतु दर दोन तासांनी पाजायचे म्हटल्यावर त्या बाईचे पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, थोरल्या लेकराला शाळेत कोण धाडणार? मानसिक आधाराची चर्चा करणारी शहरी पुस्तके येथे गप्प होतात. आमच्याकडे आधार म्हणजे दोन हंडे पाणी. तिच्या शेजारणीने सकाळचे दोन हंडे आणून ठेवले तर त्या बाईच्या मनावर जो परिणाम होतो तो कोणत्याही समुपदेशनाहून कमी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रीची भीती हा आणखी एक प्रकार. निळ्या लेकरांपैकी काहींना रडता रडता एकाएकी झटका येतो. ते काळेनिळे पडते, जोरजोराने श्वास घेते, कधी बेशुद्ध होते. अशा वेळी त्याचे दोन्ही गुडघे दुमडून छातीशी धरावेत. पाय दुमडल्याने अंगाकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि रक्त फुप्फुसांकडे वळते. थोडी मोठी मुले खेळता खेळता आपोआप उकिडवी बसतात, ती याचमुळे. हा उपचार नव्हे. गुडघे धरूनच दवाखाना गाठायचा असतो. परंतु ज्या आईला ही एक कृती शिकवली जाते ती त्या क्षणी नुसती किंचाळत राहत नाही. हाताला काम असले की भीतीचा जोर ओसरतो.

मग प्रवास. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून वर्षातून दोनदा आणि शाळांतून वर्षातून एकदा लेकरे तपासतात. त्यांनी हेरलेले लेकरू जालन्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे आणि तेथून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने निघालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. खारघरला २०१८ पासून श्री सत्य साई संजीवनी हे बालहृदयाचे विनाशुल्क रुग्णालयही आहे. या सोयी खऱ्या आहेत आणि त्यांनी लेकरे वाचली आहेत, हे मान्य करायला हवे. पण एसटीने जालना, तिथून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, पहाटे मुंबई, आणि मग नंबर येईपर्यंत फुटपाथ नाहीतर धर्मशाळा. या दिवसांची मजुरी कोण देणार? ती सोयाबीन सोंगायला जाते, कापूस वेचते, शेडनेटमध्ये बियाण्याच्या कामाला जाते. तिला हजेरीपत्रक नाही, रजा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते, की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. शंभर वर्षे होत आली. संघटित नोकरीतल्या स्त्रीला आज सव्वीस आठवड्यांची रजा आहे. वेचणीला जाणारीला बुडालेला दिवस आहे.

दवाखान्यात डॉक्टर बोलतात ते बापाशी, किंवा बरोबर आलेल्या जाणत्या माणसाशी. संमतीच्या कागदावर सही त्याची. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर जिन्यावर बसलेली आई मात्र चेहरे वाचत असते: नर्स घाईने गेली म्हणजे काय झाले, नवरा पाठमोरा उभा राहिला म्हणजे काय कळले. कार्यकर्ता बरोबर गेला तर त्याने योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राशी भांडावे, ते आवश्यकच आहे. पण डॉक्टर जे सांगतील ते आईसमोर, तिच्या बोलीत सांगितले जाईल याचाही आग्रह धरावा.

आणि लेकरू मुलगी असेल तर? दिल्लीच्या एम्समध्ये झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी दर वर्षी वर्गात सांगते. ज्यांना हृदयाची शस्त्रक्रिया सुचवली होती त्यांतल्या मुलग्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांची ती झाली, मुलींपैकी सुमारे चव्वेचाळीस टक्क्यांची. छातीवर व्रण राहिला तर लग्न कसे जमेल, ही पालकांची एक चिंता होती. मुलगी जगण्याआधी तिचे लग्न अडते. अशा मुलीची आई घरात एकटी पडते; मुंबईला जाऊ या असे म्हणणारी ती एकटीच असते.

या सगळ्याचा मनावर काय परिणाम होतो, हे आता मोजले गेले आहे, जरी बहुतेक मोजणी श्रीमंत देशांतली आहे. गंभीर हृदयदोष असलेल्या बालकांच्या आईवडिलांवरील अभ्यासांचा २०१७ साली एक आढावा निघाला. त्यात तीस टक्क्यांपर्यंत पालकांत आघातानंतरच्या तणावाची लक्षणे आणि पंचवीस ते पन्नास टक्क्यांत नैराश्याची किंवा चिंतेची ठळक लक्षणे आढळली. युद्धातून आलेल्या सैनिकांत आढळतो तोच हा आघात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, लेकरू हसू-खेळू लागले, तरी कुकरची शिट्टी वाजली की आईला दवाखान्यातले यंत्र आठवते आणि हातपाय गार पडतात. घरचे म्हणतात, 'आता काय झालं हिला? लेकरू तर बरं झालं.' हे वेड नव्हे, कांगावाही नव्हे. याला नाव आहे, उपचार आहे. १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तिथे मराठीतून फुकट बोलता येते. झोप पूर्ण उडाली, खाणे सुटले, 'मी आणि लेकरू दोघंही गेलेलं बरं' असे शब्द तोंडातून येऊ लागले, तर थांबू नये; तिला एकटी न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुःखाला नाव देण्याच्या बाबतीत आपला स्वतःचा इतिहासही असाच आहे. बाबासाहेबांची चार अपत्ये बालपणीच गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला आणि पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेले पत्र आपण वाचतो, गलबलतो. रमाईंचे दुःख मात्र आपण इतरांच्या आठवणींतूनच वाचतो. त्यागमूर्ती म्हणून आपण त्यांना हार घालतो. चार लेकरे पुरलेली आई रात्री कोणाशी काय बोलत असेल, हा प्रश्न आपल्या व्याख्यानांत येत नाही. त्याग म्हटले की बोलण्याची गरजच संपते.

विहारात अशा आईला किसागोतमीची कथा हमखास सांगतात. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असे बुद्धाने तिला सांगितले. ती दारोदार फिरली आणि मृत्यू सर्वांनाच आहे हे तिला उमगले. माझी तक्रार अशी, की ही कथा आपण लेकरू जिवंत असतानाच सांगून मोकळे होतो, म्हणजे आईला लढायच्या आधीच हार शिकवतो. आणि कथेतला जो खरा औषधी भाग आहे तो वगळतो. बुद्धाने तिला प्रवचन देऊन घरी पाठवले नाही. त्याने तिला दारोदार पाठवले. प्रत्येक दारात एक बाई उभी होती आणि तिने आपल्या घरातले मरण गोतमीला सांगितले. श्रावस्तीच्या त्या बायांनी गोतमीला सावरले, असे मी ही कथा वाचते.

ज्याने सोसले त्यानेच दुसऱ्याजवळ बसावे, ही कल्पना जगात इतरत्रही रुजली आहे. १९५१ साली बॉस्टनला हृदयाच्या शस्त्रक्रियेतून वाचलेल्या चार रुग्णांनी नव्या रुग्णांना भेटण्यासाठी एक मंडळ काढले. ते आजही चालते. झिंबाब्वेत २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवल्या. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपल्या बाया 'लई इचार येतात' म्हणतात, ते हेच. आणि आपल्या शेजारी गोव्यात, नैराश्य आलेल्या गरोदर बायांच्या घरी त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या साध्या स्त्रियांना 'सखी' म्हणून पाठवण्याचा प्रयोग झाला. २८० बायांवरच्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सखी लाभलेल्या बाया अधिक संख्येने सावरलेल्या दिसल्या. फरक प्रचंड नव्हता, पण खरा होता, आणि त्यासाठी कोणी डॉक्टर लागला नाही.

जाफराबादेत यासाठी वेगळी संस्था काढण्याची गरज नाही. संस्था काढली की अध्यक्ष, सचिव आणि फलक येतात. आशाताई नवजात बाळाच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा जातेच. कोणत्या घरात असे लेकरू आहे ते तिला आधी कळते. ज्या बाईचे लेकरू शस्त्रक्रिया होऊन परत आले तिचा फोन नंबर, तिच्या परवानगीने, आशाताईकडे आणि महिला मंडळाकडे असावा. नव्या मायला तिच्याकडे न्यावे. छातीवरच्या व्रणासकट हसत पळणारे लेकरू तिला डोळ्यांनी पाहू द्यावे. कोणत्या दारातून आत जायचे, रेशनकार्डाच्या किती झेरॉक्स लागतात, दूध पिळायला जागा कुठे मिळते, धर्मशाळेत रात्री किती वाजेपर्यंत घेतात, नळ्या लावलेले लेकरू पहिल्यांदा पाहताना कसे वाटते, हे सारे तिलाच माहीत असते. आपल्या सुशिक्षितांनी मध्ये बसून भाषण करू नये; चहा करावा आणि बाहेरच्या ओट्यावर पुरुषांना थांबवून धरावे. जातीची भिंत येथेही आडवी येते, ते मी लपवत नाही. परंतु जिन्यावरच्या त्या रात्रींत ती भिंत पुष्कळदा आपोआप खाली बसते, असे परत आलेल्या बायांनीच मला सांगितले आहे. गावी आल्यावर ती पुन्हा उभी राहते की नाही, हे आपल्यावर आहे.

सगळी लेकरे वाचत नाहीत. काही दोष असे आहेत की उत्तम रुग्णालयातही यश मिळत नाही, आणि काही लेकरे नंबर येण्याआधीच जातात. लेकरू गेले की त्याचे नाव यादीतून निघते, आशाताईचे कागद पुढच्या घरी जातात, दिवस कार्य होते आणि घरचे म्हणतात, 'दुसरं होईल.' आईच्या छातीत दूध मात्र येतच असते. ते थांबायला काही दिवस लागतात. छाती दगडासारखी होते, ताप भरतो. लाजेने ती कोणाला सांगत नाही, आणि घरातल्या पुरुषांना ते ठाऊकही नसते. अशा वेळी कोणीतरी जाणती बाई तिच्याकडे गेलीच पाहिजे. छाती कसून बांधू नये, गार पाण्याची घडी ठेवावी, ठणका फार असेल तर आराम वाटेल एवढेच थोडे पिळावे, ताप चढला तर दवाखान्यात न्यावे. हे सांगून झाल्यावर लगेच उठू नये. लेकराचे नाव काय ठेवले होते ते विचारावे. पुष्कळदा त्याचे नाव घेणारे त्या घरात कोणी उरलेले नसते.